परराज्यातून आणलेली जुनी गाडी: साधं एमएच पासिंग की व्हिंटेजचं व्हीए?

कुर्ल्यात तयार झालेली गाडी महाराष्ट्रात परत आणायला मला अकरा महिने लागले. गाडी १९६८ ची फियाट, ११०० डिलाइट. स्टीअरिंगला गिअर असलेली. बनली प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, विकली गेली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आणि मग एकाच डॉक्टरांच्या घरी पन्नासहून जास्त वर्षं राहिली. आरसी बुकावर शिक्का अजून म्हैसूरचाच आहे. १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, हे त्या बुकाला कुणी कळवलंच नव्हतं.

गाडी घरी आल्यापासून तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीचं नेहमीसारखं एमएच पासिंग, म्हणजे महाराष्ट्राच्या नंबरची साधी नोंदणी, करून घ्यावं, की व्हिंटेज म्हणून, बोलीत 'व्हीए'मध्ये, नोंदवावी? मी पहिला रस्ता धरला. सांगलीकडच्या माझ्या एका मित्राने त्याच सुमारास बंगालमधून १९५६ ची लँडमास्टर आणली, त्याने दुसरा धरला. दोघांच्या फायली आम्ही एकमेकांच्या घरी चहा पीत पानन् पान चाळल्या आहेत. त्या भांडवलावर हे लिहितोय. टीटीओ म्हणजे मालकी बदल, एनओसी म्हणजे मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, आणि फॉर्म २८, २९, ३० हे त्यांचेच अर्ज, एवढी ओळख पुरे.

आधी वयाचा प्रश्न मिटवू. व्हिंटेजचे नियम जुलै २०२१ मध्ये आले, आणि त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांची अट आहे. तुमची पद्मिनी, म्हणजे याच फियाटची पुढची आवृत्ती, ऐंशीच्या दशकातली असेल तर निवडायला काही नाहीच, सरळ साध्या खिडकीकडे जा. पद्मिनी हे नावच १९७४ चं, त्यामुळे अगदी पहिल्या पद्मिन्या आत्ता कुठे रांगेत उभ्या राहू लागल्यात. दुसरी अट गाडीच्या मूळ रूपाची. चासी, बॉडी, इंजिन यात मोठे फेरफार नकोत. म्हणजे कुणी मायलेजसाठी डिझेल इंजिन बसवलं असेल तर व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या समितीपुढे गाडी नेण्याआधी दहा वेळा विचार करा. अशी गाडी साध्या पासिंगलासुद्धा सुखासुखी जात नाही, इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर लागतेच.

पैशांचं लोक फार बोलतात, म्हणून तेही सांगून टाकतो. व्हीएची नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढच्या खेपेला ५,०००. साध्या रस्त्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पर्यंत त्याला ६०० रुपये पडायचे, मग ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत दोन्हीकडे वीस-वीस हजारच होतात. साध्या रस्त्याला पर्यावरण कर आणि इकडचा मोटार वाहन कर वर धरा. त्यानंतर मात्र व्हीए उघडच स्वस्त. माझ्या वयाच्या माणसाने विसाव्या वर्षाचा हिशेब मांडत बसू नये, म्हणून मी तिथेच थांबलो.

आता बॅकलॉग. तुलनेत त्याचं वजन दोन्ही पारड्यांत सारखंच पडतं, पण माझे अकरा महिने त्यातच गेले, तेव्हा जरा ऐका.

जुन्या कागदी आरसीची गाडी संगणकातल्या 'वाहन' प्रणालीत नसते. मूळ आरटीओने जुनं रजिस्टर काढून ती चढवायची, याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. ती झाल्याशिवाय एनओसी निघत नाही. मी सीमेपलीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते होते, पण १९६८ चं रजिस्टर नव्हतं. 'नाळे बन्नी,' म्हणाले. उद्या या. सीमाभागात ज्याचे चार नातेवाईक आहेत त्याला हे दोन शब्द पुरेसे कळतात. मी तीन आठवड्यांनी गेलो. या खेपेला रजिस्टर सापडलं होतं, शिवण उसवलेलं, पानं सुतळीने बांधलेली. माझ्यासमोर एंट्री झाली आणि महिन्याभरात एनओसी हातात आली. मी पेढे वाटले. घाई केली.

इकडे गाडी इन्स्पेक्शनला लावली. इन्स्पेक्टरने चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतली आणि मान हलवली. छापेत शेवटून दुसरा आकडा ३ होता, एनओसीत ८. आरसी बुकात तो शाईच्या पेनाने लिहिलेला, शाई फुटलेली, त्यामुळे तिकडच्या क्लार्कचीही चूक म्हणवत नाही. दुरुस्ती मूळ ऑफिसच करणार. पण एनओसी दिल्यावर त्यांच्याकडे ती नोंद बंद झालेली. मग आधी एनओसी रद्द करायची. ती रद्द करायला, इकडच्या ऑफिसने ही गाडी आपल्याकडे नोंदवलेली नाही असं पत्र द्यायचं. ते पत्र घेऊन तिकडे जायचं, ३ लिहून घ्यायचा, आणि नवी एनओसी. एका आकड्याला चार महिने.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग व्हीएच बरं. मीही त्या चार महिन्यांत तेच म्हणत होतो. पण मित्रालाही जुनी आरसी आणि मूळ नोंद जुळवावीच लागली, त्याचीही बॅकलॉग एंट्री चुकली नाही. शिवाय समितीसमोर गाडी दाखवणं वेगळं. नियमात ६० दिवसांत नोंदणीपत्र मिळावं असं आहे, त्याला त्याहून बरेच जास्त लागले. गाडी कुठल्याही रस्त्याने आणा, रजिस्टरच्या सुतळीतून जावंच लागतं. म्हणून तुलना करताना हा त्रास बाजूला ठेवा.

व्हीएच्या बाजूने एक गोष्ट मनापासून बोलतो, ती म्हणजे नंबर. आधी नोंदलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणीत मूळ नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याचा कोड आणि मध्ये व्हीए अशी मालिका मिळते. मित्राच्या लँडमास्टरला बंगालचा तीन अक्षरी नंबर तसाच आहे, काळ्या गाडीवर तो काय दिसतो! माझ्या फियाटचा म्हैसूरचा नंबर गेला. कायदा सरळ आहे, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्या. आता तिला कालच्या स्विफ्टसारखी एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट आहे. बसवली त्या दिवशी बाबा नुसते बघत उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. जुनी पाटी मी स्वयंपाकघराच्या दारावर लावलीय. बायकोची अजून हरकत आलेली नाही.

एवढं असूनही मी साध्या पासिंगकडे झुकलो, ते एका रविवारामुळे. माझी फाइल तेव्हा एनओसीच्या आधीच्या टप्प्यावर होती आणि व्हिंटेजचा अर्ज भरून ठेवलेला होता, सही तेवढी बाकी. मित्राची नोंदणी नुकतीच झालेली. पुण्यात जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन होतं, त्याने मला शेजारी बसवून नेलं.

व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर कशासाठी आणायची, हे नियमात लिहिलेलं आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं आणि देखभाल. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच. मित्र बँकेत नोकरी केलेला माणूस. नियम शब्दाला शब्द वाचतो. प्रदर्शनाचं निमंत्रणपत्र त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं होतं, विम्याच्या कागदाच्याही वर.

जाताना काही वाटलं नाही. परतताना कराडच्या अलीकडे माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. दुपारची पंगत, हॉल हायवेला लागून. म्हटलं, दहा मिनिटं टेकू, अक्षता टाकू, लोकांना गाडीही दिसेल. मित्राने वेग कमी केला, हॉलकडे बघितलं, आणि पुन्हा वाढवला. 'इथं थांबलो की गाडी प्रदर्शनाहून परत चाललीय असं राहत नाही,' म्हणाला. 'ती लग्नाला आलेली होते.'

मी हसलो. तो हसला नाही. पुढे भूक लागली तेव्हा त्याने तीन चांगली हॉटेलं सोडून दिली आणि एका पेट्रोल पंपाला लागून असलेल्या टपरीवजा हॉटेलात गाडी घातली. इंधन भरायला मुभा आहे ना! आधी पाच लिटर पेट्रोल टाकलं, मग मिसळ मागवली. मिसळ पाणचट होती. समोर ती काळी देखणी गाडी उभी, भोवती शाळेची पोरं जमलेली, आणि आम्ही दोन म्हातारे पंपाची पावती जपून घडी घालतोय. परवानगीपुरता घराबाहेर पडलेला माणूस कसा सारखा घड्याळ बघतो, तसं काहीतरी ते होतं.

तो जरा अतीच करतो, हे मला मान्य आहे. रस्त्यात पोलीस अशा गाडीला हात करतात ते बहुतेक वेळा सेल्फीसाठी. दुसरा कुणी बिनधास्त फिरेल आणि त्याला आयुष्यात कुणी विचारणार नाही. पण मला धास्ती पोलिसाची नव्हतीच. समजा लग्नाच्या हॉलबाहेर ट्रॅक्टरने मागून ठोकलं, तर विम्याच्या सर्व्हेअरला मी काय सांगू, गाडी तिथे कशाला होती? मित्राला हे विचारलं. तो म्हणाला, 'म्हणूनच थांबलो नाही.' या उत्तरापुढे मला काही सुचलं नाही.

आणि माझी गरज काय होती? बाबांचं वय ब्याऐंशी. तरुणपणी शेजाऱ्यांच्या फियाटवर गाडी शिकले, स्वतःची कधी घेता आली नाही. त्यांना मंगळवारी देवळात, गुरुवारी मंडईत आणि महिन्यातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे याच गाडीतून जायचंय. त्यांना दर वेळी मी काय सांगणार, आज आपण तांत्रिक संशोधनाला चाललोय? घरी आल्यावर भरून ठेवलेला व्हिंटेजचा अर्ज खणात टाकला आणि साध्या रस्त्याचे कागद काढले.

तरी माझं ऐकून सगळ्यांनी तेच करावं असं नाही. गाडी आयात केलेली असेल तर गणित एकदम फिरतं. ऑगस्ट २०२५ नंतर वीस वर्षांवरच्या आयात कारचं नूतनीकरण ८०,००० रुपये, तेही दर पाच वर्षांनी. मॉरिस, ऑस्टिन, जुनी शेवरोले बाळगणाऱ्याने व्हीएकडे आधी बघावं. पण त्याआधी आरसी नीट वाचा. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, अशा गाडीच्या नोंदीत 'आयात' हा शब्द पडलाय की नाही यावर सत्तर हजारांचा फरक पडू शकतो. ज्यांची गाडी मुळातच वर्षातून चार वेळा ट्रेलरवरून रॅलीला जाते, त्यांनाही व्हीएची अट टोचणार नाही, मूळ नंबर राहील हा वर फायदा. पुढेमागे विकायची झाली तर व्हिंटेज गाडी विकायला बंदी नाही, ९० दिवसांत परिवहन विभागाला कळवायचं. दिल्लीची गाडी घेणार असाल तर कुठलाही रस्ता निवडण्याआधी एनओसी हातात घ्या आणि मगच पैसे द्या. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांमागे नोंदणी रद्द होण्याचं लचांड आहे.

आणि दोन्हीकडच्यांनी, एनओसीचा अर्ज करण्याच्या आधी, चासी नंबरची पेन्सिल छाप स्वतः घ्या. बॅकलॉग एंट्री होताना ती क्लार्कच्या टेबलावर आरसीशेजारी ठेवा. माझ्या अकरापैकी चार महिने तिथे वाचले असते.

माझी नवी आरसी आली तेव्हा पहिल्यांदा तोच आकडा बघितला. ३ होता. नाव, पत्ता, इंजिन नंबर, सगळं बरोबर. फक्त रंगाच्या रकान्यात, गाडी आकाशी असताना, पांढरा लिहिलंय. बाबा म्हणतात दुरुस्त करून घे. मी त्यांना मंडईत घेऊन जातो.