दर रविवारची शब्बाथ शाळा की मे महिन्यातली व्हीबीएस?

ट्यूशन, क्रिकेट, भरतनाट्यम आणि मंडळी (म्हणजे चर्च), सगळं एका आठवड्यात बसत नसेल तर मुलांना बायबल शिकवण्यासाठी ख्रिस्ती पालकांसमोर दोन वाटा असतात.

शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, तासाभराची असते: गीत, गोष्ट, सुवर्णवचन (पाठ करायचं बायबलमधलं वचन). तिची खरी ताकद सातत्यात आहे. बायबलमधल्या स्तोत्र 23 मध्ये सहाच वचनं आहेत. रविवारी एक घेऊन रात्री जेवणाआधी रोज म्हटलं, तर दीड महिन्यात सात वर्षांच्या मुलालाही अख्खं स्तोत्र येतं. पण क्रिकेटचे सामने आणि स्कॉलरशिपचे सराव पेपर नेमके रविवारीच येतात. सलग तीन रविवार बुडाले की मूल वर्गात बुजतं आणि मग जायलाच नको म्हणतं. म्हणून प्रवेश घेतानाच कोचकडून सामन्यांच्या तारखा मागून घ्याव्यात. (रॉबर्ट रेक्सने 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला असे रविवारचे वर्ग सुरू केले, कारण कामावर जाणाऱ्या मुलांना रविवारच मोकळा असे.)

व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा) सुट्टीत पाच ते दहा दिवस, रोज सकाळी दोन-तीन तास. अॅक्शन साँग्ज, हस्तकला, शेवटी कार्यक्रम; मुलं हरखून जातात. मात्र जूनपर्यंत निम्मी वचनं विसरतात, आणि गावी जायची तिकिटं त्याच आठवड्याची निघाली तर सगळंच हुकतं.

आठवीपर्यंत शब्बाथ शाळाच धरावी, रविवारचा क्लास शनिवारी हलवावा. ते जमतच नसेल तर व्हीबीएस घ्यावी, आणि तिथली वचनं फ्रिजवर लावून घरी चालू ठेवावीत.