जुन्या करिझ्माचं हेड: व्हॉल्व्ह घासायचे, गाईड बदलायचे की दुसरं हेडच टाकायचं?

यवतेश्वरचा घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडायचा, गाडी तिसऱ्या गिअरवर नुसती इंजिनच्या ब्रेकवर आणायची आणि खाली सपाटीला लागलं की एकदम थ्रॉटल द्यायचा. मागून येणाऱ्या मित्राला निळ्या धुराचा एक भपका दिसला आणि लगेच विरून गेला, तर ऑइल वरून, व्हॉल्व्हच्या गाईडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिरपतंय. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि तोच ते ऑइल खाली खेचतो. याउलट घाट चढताना, इंजिनवर जोर असताना धूर सतत येत असेल तर संशय आधी पिस्टनच्या रिंगांवर घ्यायचा. आपल्याला साताऱ्यात ही तपासणी फुकटात मिळते. हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह बसतात तो भाग, खोलायचं ठरवण्याआधी ती करावीच.

माझी गाडी हिरो होंडाची 2008 सालची करिझ्मा आर. 223 सीसी, एअर कूल्ड, दोन व्हॉल्व्हचं इंजिन. 2003 मध्ये पहिली करिझ्मा आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पोवई नाक्यावर एक उभी दिसली तरी थांबून बघायचो. आता तीच गाडी पोरं हौसेनं जुनी विकत घेतात, महिन्याभरात टॅपेट वाजायला लागतात आणि मग प्रत्येक गॅरेजवाला वेगळं सांगतो. या गोंधळात मी एकदा पैसे घालवलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी आवाजाबद्दल. टॅपेट वाजतात म्हणजे व्हॉल्व्ह गेले, असा समज आहे. प्रत्यक्षात वाजणारा टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली गॅप वाढलेली, आणि ती बऱ्याचदा रॉकर, कॅम किंवा सेटिंगच्या स्क्रूच्या झिजेनं वाढते. भीती वाटायला हवी ती गप्प टॅपेटची. व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, त्याचं वरचं टोक रॉकरच्या जवळ येतं आणि गॅप कमी होते. इंजिन एकदम मऊ आवाजात चालतं, मालक खूश असतो, आणि तिकडे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नसतो. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकूनच हेडमध्ये जाते. टेकायला मिळालं नाही की कड जळते. 7000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 3500 वेळा उघडतो आणि मिटतो, त्यामुळे जळायला सुरुवात झाली की फार वेळ लागत नाही.

म्हणून पहिला पर्याय, नुसतं टॅपेट सेटिंग, हा कमी दर्जाचा समजू नका. गाडी रात्रभर थंड झालेली, पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) मॅन्युअलमधल्या मापाचा. पाऊण तासाचं काम आहे. सेट केलेली गॅप हजारभर किलोमीटर चालवून तशीच राहिली, धूर नाही, पिकअप चांगला, तर हेडला हात लावू नका. तीच गॅप पुन्हा कमी झालेली दिसली तर सीट किंवा व्हॉल्व्ह खातोय, आणि तिथे सेटिंग करत बसणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं.

हेड खोलायच्या आधी अजून एक करा. कम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

आता खरी तुलना. हेड खोललं की तुमच्यापुढे दोन रस्ते येतात आणि गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिलाच सांगितला जातो: व्हॉल्व्ह घासून द्यायचे आणि गाईडच्या तोंडावरचे ऑइल सील बदलायचे. रबरी चोखणीच्या दांडीला व्हॉल्व्ह चिकटवायचा, कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि तळहातांत दांडी घुसळायची. आधी जाड पेस्ट, मग बारीक. सीटवर सगळीकडून सारख्या रुंदीचं, मळकट राखाडी कडं उमटलं की झालं. दुसरा रस्ता लेथवाल्याकडचा: गाईड काढून नवीन बसवायचे, रीमर फिरवून त्यांचं भोक मापात आणायचं, सीट कापायची, नवे व्हॉल्व्ह टाकायचे. पहिला संध्याकाळपर्यंत होतो. दुसऱ्यात हेड आठवडाभर गाडीबाहेर राहतं आणि मजुरी-पार्ट मिळून खर्च दोन-तीन पटींवर जातो.

मी पहिल्यांदा घासून घेतलं. गाडी गोड चालली. तिसऱ्या महिन्यात कासहून परत येताना मागच्यानं हॉर्न वाजवून सांगितलं, धूर मारतेय. पुन्हा हेड खोललं, पुन्हा गॅस्केट, पुन्हा खोलण्या-जोडण्याची मजुरी. या वेळी हेड थेट एका जुन्या लेथवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी स्प्रिंग काढली, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटपासून बोटाच्या पेराएवढा वर उचलला आणि त्याचं डोकं डावी-उजवीकडे हलवलं. कट्-कट् असा बारीक आवाज आला. मला म्हणाले, "बाळा, हे आधी हलवून बघायचं आसतंय, मग घासायला बसायचं."

माझ्या मते सगळा निर्णय त्या हलवण्यात आहे. गाईड सैल असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो, सुंदर घासलेली सीट थोड्याच दिवसांत वाकडी खातो आणि नव्या ऑइल सीलचे ओठही फाकवतो. सैल गाईडवर व्हॉल्व्ह घासणं म्हणजे चिखलात पायरी बसवणं. गाईड घट्ट असेल, व्हॉल्व्हची कड जाड असेल, दांडीला नखाला लागेल अशी पायरी पडलेली नसेल, तर मात्र घासणं आणि सील एवढंच पुरे. त्यावर वर्षानुवर्षं गाड्या चालतात. तेव्हा कुणी "सगळंच बदलून टाकू" म्हणालं तर नको म्हणा.

लेथचं काम करायचं ठरलं तर कोण करतो याला पार्टपेक्षा जास्त किंमत आहे. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गाईड थंड हेडमधून हातोड्यानं ठोकून काढले तर भोक ओरखडतं आणि नवा गाईडही सैल बसतो. हेड भट्टीत सगळीकडून सारखं, साधारण 130-140 अंशांपर्यंत तापवायचं आणि नवे गाईड तासभर फ्रीजरमध्ये ठेवायचे. मग ते सरळ, जोर न लावता जातात. गॅसची ज्योत एकाच जागी मारणारा माणूस दिसला तर हेड उचलून परत आणा, ते वाकतं. गाईड बदलला की मधला बिंदू थोडा सरकतोच, त्यामुळे सीट पुन्हा कापावीच लागते. व्हॉल्व्ह टेकतो तो भाग 45 अंशांचा, त्याच्या वर आणि खाली वेगळे कोन, आणि टेकणारा पट्टा साधारण एक मिलिमीटरचा. पट्टा फार रुंद झाला तर कार्बन धरतो, फार बारीक झाला तर व्हॉल्व्ह गरम राहतो. "गाईड टाकले, सीट चांगली आहे, कापायची गरज नाही" असं कुणी म्हणालं तर ते काम अर्धवट आहे.

साताऱ्यात असं काम करणारे आहेत, पण त्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि पंपांच्या इंजिनांची गर्दी असते. लहान मापाचे सीट कटर नसतील तर सरळ हायवे धरून कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात हेड घेऊन जा. ऑइल इंजिनांवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेली माणसं आहेत तिथे. मी डिकीत नाही, मांडीवर गोणपाटात गुंडाळून नेलं होतं, एसटीनं.

शेवटचा पर्याय, जुन्या बाजारातून दुसरं हेड. दिसायला सोपा, आणि एका परिस्थितीत योग्यही: तुमच्या हेडला प्लगच्या आट्यांपासून सीटपर्यंत तडा गेला असेल किंवा कॅम बसायची जागाच खाल्ली असेल तर. एरवी तुम्ही स्वतःचं 15 वर्षांचं हेड देऊन दुसऱ्या कुणाचं 15 वर्षांचं हेड घेता, ज्याची हिस्टरी तुम्हाला माहीत नाही. घ्यायचंच असेल तर दुकानात तीन गोष्टी बघा. गॅस्केटची बाजू काचेवर टेकवून फटीतून उजेड दिसतो का. व्हॉल्व्ह बसलेले असताना पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून दहा मिनिटांत आत ओल येते का. आणि तेच, व्हॉल्व्ह हलवून बघणं. दुकानदार स्प्रिंग काढू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

पार्टचं थोडक्यात: ऑइल सील आणि हेड गॅस्केट ओरिजिनलच, यात तडजोड नाही. व्हॉल्व्ह ओरिजिनल मिळेपर्यंत थांबा, महिना लागला तरी. गाईड चांगल्या लेथवाल्यानं मापानं बनवून दिले तर मला चालतात, माझ्या गाडीत तेच आहेत. स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्निअरनं मोजा, मापात असेल तर जुनीच वापरा. एअर फिल्टर मात्र नवा टाका. उसाच्या सीझनमध्ये आपल्या रस्त्यांवरची धूळ आत गेली की गाईडवर तीच पॉलिश पेपरचं काम करते.

काम झाल्यावर पहिले 500 किलोमीटर झाले की टॅपेट पुन्हा बघायचे, कारण नवी सीट बसताना गॅप थोडी कमी होते. माझ्या गाडीत एक्झॉस्टची झाली होती. संध्याकाळी गाडी लावा, सकाळी चहाच्या आधी कव्हर उघडा.