ट्रॅकर सॉफ्टवेअर : स्टोक्सच्या नियमाच्या प्रॅक्टिकलसाठी फुकटात मिळणारी सोन्यासारखी गोष्ट

अकरावीला ग्लिसरीनमध्ये छर्रे सोडून त्याची व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) मोजायचं प्रॅक्टिकल जे जे घेतात त्या सगळ्यांनी हे वापराच. कॅलिफोर्नियातल्या कॅब्रिलो कॉलेजच्या डग्लस ब्राउन यांनी बनवलंय, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मोबाईलचा व्हिडिओ टाका, मोजपट्टीवरून स्केल द्या, छर्रा दाखवून द्या की फ्रेममागून फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः त्याचा माग काढतं (मागे पांढरा कागद आणि नीट उजेड हवाच, नाहीतर सुटतो).

पण खरी मजा त्यातल्या मॉडेल बिल्डरमध्ये आहे. फोर्स आपण लिहायचे, वजन खाली, उत्प्लावन वर, आणि वेगाबरोबर वाढत जाणारा सहा पाय ईटा आर व्ही हा विरोध (हाच स्टोक्सचा नियम; ईटा म्हणजे व्हिस्कॉसिटी, आर छर्ऱ्याची त्रिज्या, व्ही वेग), मग त्याच व्हिडिओवर आपला गणितातला छर्रा खऱ्याच्या शेजारून उतरायला लागतो. २ मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा छर्रा २५ अंशाच्या शुद्ध ग्लिसरीनमध्ये या हिशोबाने सेकंदाला साधारण दीड सेंटिमीटर जायला हवा, पण ४ सेंटिमीटर रुंदीच्या सिलिंडरमध्ये खरा छर्रा मागे पडतो कारण काचेची भिंत जवळ आहे, आणि स्टोक्सने १८५१ साली मांडलेला नियम अथांग द्रवासाठी आहे. विरोधाला लाडेनबर्गचं करेक्शन लावलं, म्हणजे १ अधिक २.४ गुणिले छर्रा आणि सिलिंडरच्या त्रिज्यांचं गुणोत्तर, तर १२ टक्के फरक निघतो. नुसतं स्टॉपवॉच वापरलं की हाच फरक व्हिस्कॉसिटीच्या उत्तरात गुपचूप मिसळतो आणि जर्नलवर सही होऊन जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

थर्मामीटर मात्र ठेवा. २० अंशाला ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी १.४ पास्कल-सेकंद, ३० ला ०.६ च्या आसपास, शिवाय उघड्या बाटलीतलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून पातळ होतं.

एक अपेक्षा ठेवू नका, सुरुवातीचा वेग वाढताना दिसेल अशी. या छर्ऱ्याला टर्मिनल व्हेलॉसिटी (पुढे न बदलणारा वेग) गाठायला मोजून काही मिलिसेकंद लागतात आणि साध्या व्हिडिओची एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची. ते दाखवायचंच असेल तर ६ मिलिमीटरचा छर्रा घ्या, सेकंदाला २४० फ्रेम्सचं स्लो मोशन लावा, आणि क्लिप सेटिंगमध्ये खरा फ्रेम रेट आठवणीने भरा, नाहीतर सगळे वेग चुकीचे येतील. तेवढ्या मोठ्या छर्ऱ्याला रेनॉल्ड्स नंबर (जडत्व आणि व्हिस्कॉसिटीचा विरोध यांचं गुणोत्तर) १ च्या घरात जातो, तिथे स्टोक्सचा नियमही थोडा ढिला पडायला लागतो, तेही मुलांना मॉडेलवरच दाखवता येतं.