आबांची मेमरी टेस्ट परत घ्यायची तर एमएमएसई का मोका?

एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) आणि मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) या स्मरणशक्ती आणि डोकं कसं चालतंय ते बघायच्या टेस्ट. दोन्ही ३० मार्कांच्याच, पण सहा महिन्यांनी परत घ्यायची असली तर माझं मत मोकालाच. एमएमएसई १९७५ची, त्यात लक्षात ठेवायला तीनच शब्द, आमच्या आबांना ते पाठच झालेले, रंकाळ्यावर फिरताना आपणहून म्हणून दाखवत होते, मग मार्क वाढले म्हणजे डोकं सुधारलं असं कसं म्हणायचं?

मोका २००५ची, पाच शब्द, घड्याळ काढायचं, आणि मेन म्हणजे तिचे वेगवेगळे पेपर आहेत त्यामुळं पाठांतराचा फायदा कमी होतो, सगळा जात नाही तरी. आबांनी घड्याळात आकडे सगळे एकाच बाजूला दाटीनं लिहिले, बघून पोटात कालवलं. विसरण्याचा आजार लय पुढं गेला असला तर मात्र एमएमएसई चालंल. एक-दोन मार्कांनी घाबरू नका, झोप झाली नसली तरी फरक पडतो.