स्तनाच्या कर्करोगात शेक: पाच सिटिंग की पंधरा?

ऑपरेशन झालं, केमो असेल तर तीही उरकली, आता शेक (रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार) घ्यायचाय. चंदगड, आजरा किंवा शाहूवाडीहून रोज कोल्हापूरला यायचं म्हणजे एसटीचा प्रवास आणि सोबत येणाऱ्या घरच्या माणसाचा बुडालेला रोज. त्यामुळे सिटिंग किती, हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. कंटाळून मध्येच सोडलेला शेक धोक्याचा असतो.

पंधराच्या पद्धतीत तीन आठवड्यांत 40 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा देतात, म्हणजे रोज साधारण 2.67. पाचाच्या पद्धतीत एका आठवड्यात 26 ग्रे, रोज 5.2. रोजची मात्रा मोठी असली की निरोगी पेशींवर उशिरा दिसणारा परिणाम वाढतो, म्हणून एकूण मात्रा कमी ठेवतात. ब्रिटनमधल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासात चार हजारांहून जास्त रुग्ण होते. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. पाच वर्षांत त्याच स्तनात गाठ परतण्याचं प्रमाण पंधरा सिटिंगच्या गटात 2.1 टक्के, तर 26 ग्रेच्या गटात 1.4 टक्के होतं. पाच सिटिंगमध्ये 27 ग्रे दिलेला आणखी एक गट होता. तिथे स्तन आकसणं, कडक होणं असे त्रास जास्त दिसले. फरक फक्त एका ग्रेचा! म्हणून पाच सिटिंग घ्यायच्या तर प्लॅनिंग काटेकोर हवं.

गाठ लवकर सापडली असेल आणि काखेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडावरच्या ग्रंथींना शेक लागणार नसेल, तर आमचं मत पाचाच्या बाजूनं. ग्रंथींनाही शेक द्यायचा असेल किंवा इम्प्लांट (कृत्रिम स्तन) बसवला असेल, तर पंधरा. पाच आठवड्यांच्या पंचवीस सिटिंग कुणी सुचवल्या, तर कारण जरूर विचारा.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे ‘बूस्ट’. वय कमी असेल किंवा गाठ जास्त आक्रमक असेल, तर गाठीच्या जागेला जादा मात्रा देतात. पाचाच्या पद्धतीत बूस्ट वेगळा दिला, तर अनेकदा आणखी पाच सिटिंग वाढतात. पंधराच्या पद्धतीत तो त्याच पंधरांत बसवता येतो. म्हणजे दहा विरुद्ध पंधरा असा हिशोब होतो, आणि निवड बदलू शकते. बूस्ट लागणार का, हे आधीच विचारून घ्या.

प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला हात डोक्यावर नेऊन निश्चल पडावं लागतं. काखेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडला असेल तर हात वर जात नाही आणि तारीख पुढे ढकलली जाते. त्यासाठी भिंतीवर बोटं वर चढवायचा व्यायाम ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज करा. डाव्या बाजूची गाठ असेल तर हृदय वाचवायला वीसेक सेकंद श्वास रोखायला शिकवतात. त्याचा सराव घरीही करा. अंगावर मोहरीएवढे ठिपके गोंदले जातात. पेनाच्या खुणा असतील तर त्या घासून धुऊ नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल तर मंजुरी आली का, हे आरोग्यमित्राकडून स्कॅनच्या आधीच पक्कं करा. पाच सिटिंगच्या आठवड्यात मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली तर काय करणार, हेही विचारा. शक्यतो सोमवारी सुरुवात करा.

एका आठवड्याच्या शेकात कातडी लाल होणं, काळवंडणं हे बरेचदा शेक संपल्यावर, तुम्ही गावी परतल्यावर वाढतं. तेव्हा घाबरून हळद किंवा कुठला लेप लावू नका. सैल सुती ब्लाउज घाला, कोमट पाण्यानं हलकेच धुवा. कातडी सोलून पाणी सुटलं किंवा ताप आला तर ताबडतोब फोन करा. त्यासाठी विभागाचा नंबर शेवटच्या दिवशी निघण्याआधी फाइलवर लिहून घ्या.