घर सांभाळून घराण्याचा शोध: तीन वाटांपैकी तुमची कुठली?

वंशावळ शोधायचं मनात आलं की आपण आधी विचारतो, कागद कुठे मिळतील? माझ्या मते त्याआधी हे बघावं की घर तुम्हाला सलग किती तास सोडतं. आमच्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, सहावीतला मुलगा, काळी नावाची आठ वर्षांची देशी कुत्री आणि मनी मांजर आहे. काळीला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला फिरवून आणावंच लागतं. म्हणजे मला मिळतात ते मधले बाराएक तास, तेही सासूबाईंजवळ कुणी असेल तरच.

गेली चार वर्षं मी माहेरची आणि सासरची, दोन्ही घराण्यांची माहिती जमवते आहे. संगणकावर शोधून झालं, गावोगाव जाऊन झालं आणि घरातल्या माणसांना विचारूनही झालं. तिन्ही वाटांवर काय मिळतं आणि घराला त्याची काय किंमत पडते, ते एकमेकांशेजारी ठेवून सांगते.

संगणकासमोर बसून

ही वाट सगळ्यात सोयीची वाटते, आणि सुरुवातीला असतेही. राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार आणि आठ-अ स्कॅन करून ठेवले आहेत. नोंदणी करायची, शुल्क भरायचं आणि प्रत उतरवून घ्यायची. घराण्याच्या कामाला सातबाऱ्यापेक्षा फेरफार जास्त उपयोगी. माणूस गेल्यावर वारसांची नोंद होते तेव्हा मुलं, मुली, विधवा यांची नावं त्यात एकाखाली एक येतात. मला माझ्या पणजोबांच्या दोन बहिणींची नावं अशा एका फेरफारात मिळाली. घरात त्यांचा उल्लेखही कुणी केला नव्हता.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा अनेक जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळांवर जुनी कागदपत्रं टाकली. त्यात कोतवाल बुकं आहेत, म्हणजे गाव नमुना १४, ज्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिले जात. जातीचा दाखला काढायचा नसला तरी ही पानं कुणालाही उपयोगी आहेत. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंची घराणी लिहून ठेवणाऱ्या उपाध्यायांच्या, वह्यांचा मोठा संग्रह आहे. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, बऱ्याच उघडतात.

अडचण अशी की या पानांना नावांची सूची क्वचितच असते. एक एक पान उलटत जायचं. मोडी ही जुनी मराठी लिपी येत नसेल तर नुसती चित्रं बघितल्यासारखं होतं. आणि हे काम कुठे थांबवायचं ते कळत नाही. तालुक्याची कचेरी संध्याकाळी बंद होते आणि आपण घरी येतो, पण पडदा बंद होत नाही. पहिल्या वर्षी मी रात्री दीड-दोनपर्यंत बसायची. काळी पायाशी झोपलेली असायची, त्यामुळे मला वाटायचं की मी घरातच तर आहे. प्रत्यक्षात तिचं सकाळचं फिरणं पंधरा मिनिटांवर आलं होतं आणि मुलाला उत्तर द्यायला मी मान वर करत नव्हते. गावी जाण्यात घराला एका दिवसाची तोशीस पडते. घरबसल्या शोधात ती रोज पडते, थोडी थोडी, आणि म्हणून लक्षात येत नाही.

आता आठवड्यातून दोनदा, रात्री साडेआठ ते दहा, एवढंच. काय शोधायचं ते आधी वहीत लिहून बसते: एक गाव, एक आडनाव, एक दशक. ते सापडलं नाही तर तसं लिहून ठेवायचं, कारण पुढच्या वेळी तीच पानं पुन्हा चाळण्यात फार वेळ जातो.

बाहेर पडून

सगळ्यात मोठा ऐवज मला बाहेरच मिळाला, आणि तो नाशिकला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की त्या गावची वही कुठल्या गुरुजींकडे आहे ते रामकुंडाच्या परिसरात चौकशी केल्यावर कळतं. वहीत नोंद बहुतेक वेळा आलेल्या माणसानेच आपल्या हाताने केलेली असते: स्वतःचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, कशासाठी आलो, मिती (म्हणजे पंचांगातली तारीख). वंशावळीत नाव सापडणं वेगळं आणि खापरपणजोबांचं अक्षर समोर येणं वेगळं. मी त्या पानावर बोट ठेवलं नाही, नुसती बघत राहिले.

त्यासाठी पुण्याहून पाच तास जाताना, पाच तास येताना. एका दिवसात होतं, पण धावपळ होते, आणि गुरुजींना वेळ नसेल तर फेरी फुकट जाते. आधी फोन करून जावं. पितृपक्षात जाऊ नये, त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसते. २०२६ ते २०२८ च्या सिंहस्थात शांतपणे वही उघडून बसणं अवघडच, तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांनी पर्वकाळ सोडून जावं. दक्षिणा काय ते आधी मोकळेपणाने विचारावं, आणि आपल्या पिढीची नोंद करून यावं. मुलींची नावं, सुनांची माहेरची नावंही लिहावीत. जुन्या पानांत बायका फार कमी दिसतात. ही उणीव आपल्या पानापासून तरी भरून निघू दे.

तालुक्याच्या अभिलेख कक्षाचं गणित निराळं आहे. २०२० पासून राज्यात सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवारी काम होत नाही आणि नोकरदार माणसाला रजाच टाकावी लागते. अर्ज एका दिवशी, प्रत दुसऱ्या दिवशी. मला एका ठिकाणी तीन खेपा घालाव्या लागल्या आणि तिसऱ्या खेपेला कळलं की हव्या त्या वर्षाची वही वाळवीने खाल्ली आहे. त्या तीन दिवसांची भरपाई नाही.

पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, ते इतकं मोठं आहे की तिथे गेलं म्हणजे आपलं घराणं मिळणारच असं वाटतं. वतन, इनाम, पाटीलकी, कुलकर्ण असं काही घराण्यात असेल तर जरूर जावं. १८५२ च्या इनाम कमिशनसमोर हक्क सिद्ध करताना लोकांनी कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं दिली, वंशावळी जोडल्या, त्या सोन्यासारख्या आहेत. पण घराणं साध्या रयतेचं असेल तर मोडीच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, महिनेच्या महिने जाऊ शकतात. तिथे जाण्याआधी मोडी शिकावी. पुराभिलेख विभाग आणि पुण्यातलं, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मोडीचे वर्ग घेतलेले आहेत. सरावाला घरी रोज वीस मिनिटं पुरतात.

आणि जनावरांचं काय? मांजराला घरातच ठेवावं. एक-दोन दिवस कुणी सकाळ-संध्याकाळ येऊन खाणंपिणं आणि वाळूचा ट्रे बघणार असेल तर ते आपल्या जागेत सुखी असतं, परक्या घरी नेलं की पलंगाखाली दडी मारून बसतं. कुत्र्याला माणूस लागतं. काळीला एकदा दोन दिवस पाळणाघरात ठेवलं, ती जेवलीच नाही. तेव्हापासून शेजारच्या काकू दुपारी तिच्याजवळ येऊन बसतात, मी त्यांच्या नातवाला अधूनमधून सांभाळते. गाडीने नेता येईल असं वाटतं खरं, पण घाटावर, देवळात, कचेरीत तिला कुठे बांधणार? उन्हात गाडीत ठेवणं तर कधीच नको.

घरातल्या घरात

ही वाट सगळे शेवटी धरतात. मी तिच्यापासून सुरुवात केली असती तर दोन वर्षं वाचली असती.

माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे: कुणी, कुणाला, कशानिमित्त दिलं, आणि बऱ्याचदा तारीख. आमच्या एका घंगाळावर सासूबाईंच्या आतेसासूबाईंचं माहेरचं नाव आहे, आणि ते इतर कुठल्याही कागदात नाही. लग्नात नाव बदलण्याच्या रिवाजामुळे बायकांचा माग इथेच तुटतो, आणि भांडी तो जोडून देतात. मग पोथ्यांची शेवटची पानं, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका. ज्यांच्याकडे पक्ष करतात त्यांनी महालयाची, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाची, यादी मागून घ्यावी. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्या येतातच, पण महालयात आईकडचे आजोबा-आजी, काका, मामा, आत्या, मावश्यांचीही नावं घेतली जातात. कितीतरी घरांत ही यादी देवघराच्या खणात पडून असते आणि तिला वंशावळ म्हणून कुणी बघतच नाही.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या घरांना आणखी एक आधार आहे: हेळवी. पूर्वी बैलावर बसून येणारी ही मंडळी आपापल्या ठरलेल्या घरांच्या वंशावळी सांभाळतात आणि दारात येऊन वाचून दाखवतात. गावच्या चुलत्यांकडे चौकशी करा. घर न सोडता सात-आठ पिढ्या ऐकायला मिळाल्या तर आणखी काय हवं?

पण खरं काम माणसांशी बोलण्याचं. सासूबाईंना समोर बसवून 'तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव काय, साल काय' असं विचारलं की त्या गप्प होतात. शेंगा सोलायला बसलो की बोलतात. मोबाइल पाटाजवळ ठेवायचा, त्यांना सांगून रेकॉर्डिंग सुरू करायचं, आणि मध्ये बोलायचं नाही. साल विचारू नये, घटना विचारावी. पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर? तो पूर १२ जुलै १९६१ चा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण तान्हं होतं? तो ११ डिसेंबर १९६७ चा. आणि जनावरांबद्दल जरूर विचारावं. सासूबाईंना दिराच्या लग्नाचं साल आठवेना, पण 'कपिला व्याली नव्हती, दूध विकत आणावं लागलं' हे आठवलं, आणि कपिला ७२ च्या दुष्काळात छावणीत गेलेली. त्यावरून लग्न त्याच्या आधीचं ठरलं, पुढे पत्रिकेने ते पक्कं केलं. गाई-बैलांची, कुत्र्यांची नावं मी आता कुटुंबाच्या वहीत मुद्दाम लिहिते. ती त्या घरात राहत होती, त्यांच्यावरून दिवस मोजले जात होते.

या वाटेचा दोष असा की आठवण चुकते. दोन भावांच्या गोष्टी एकात मिसळतात, मोठेपणा थोडा वाढतो. म्हणून ऐकलेलं पेन्सिलीने आणि कागदात सापडलेलं शाईने, असं मी लिहिते. जुन्या मितींचं गणितही जवळ ठेवावं: शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदांवरच्या फसली सनात साधारण ५९०.

कागद आणि जनावरं एका छपराखाली

याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या कागदांत डांबराच्या गोळ्या टाकायची आपल्याला सवय. कुत्र्याने वा मांजराने ती गोळी खाल्ली तर रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होऊ शकतात, जिवावर बेततं. कापूरही विषारीच. या दोन्ही वस्तू आमच्या घरातून गेल्या. आता कागद धुतलेल्या सुती कापडात, सुकवलेला कडुलिंबाचा पाला घालून, लोखंडी ट्रंकेत. थंडीत कोरड्या दिवशी सावलीत उघडून वारा द्यायचा. चिकटपट्टी नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही.

दुसरं, दोरे. रुमाल बांधायची दोरी, वहीची सुटलेली शिवण, रबर. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, दोरा तोंडात गेला की तो आतच जातो आणि आतडं गोळा करतो. काम संपलं की दोरा मोजून डब्यात.

आणि टेबलावर पाणी नाही. सासऱ्यांची रोजनिशी उघडी होती, मनीने शेपटीने पेला पाडला, १९५८ च्या दोन पानांची शाई उतरली. चूक माझी होती. तेव्हापासून नियम असा की कागद हातात आला की आधी खिडकीच्या उजेडात फोटो, मग वाचन.

मग कुणी काय धरावं

घरात पंचाहत्तरीपुढचं कुणी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून घरातली वाट धरा. दप्तर पुढच्या वर्षीही असेल. लहान मूल किंवा आजारी, म्हातारं कुत्रं असेल तरीही हेच, आणि जोडीला आठवड्याचे दोन मोजके संगणकाचे तास. घरी कुणी मोठं उरलंच नसेल तर आधी फेरफार आणि कोतवाल बुकं चाळा, म्हणजे गावाचं नाव पक्कं होईल, आणि मगच नाशिकची फेरी करा. गाव माहीत नसताना तिथे जाऊन उपयोग नाही. कुलमंडळाने कुलवृत्तांत छापला असेल तर तो सगळ्याच्या आधी विकत घ्या, मात्र त्यातल्या मुलींच्या शाखा पुढे नेल्या आहेत का ते तपासा. जुन्यांत त्या लग्नापाशीच थांबतात.

पैसे देऊन मोडी वाचकाकडून काम करून घेणं मला योग्य वाटतं, पण पान हातात आल्यावर. 'माझं घराणं शोधून द्या' असं मोघम काम दिलं तर वेळ आणि पैसा दोन्ही वाहत जातं.

माझी पुढची फेरी दिवाळीनंतर, त्र्यंबकेश्वरला. काकूंना किल्ली दिली आहे, काळीच्या जेवणाच्या वेळा फ्रिजवर लावल्या आहेत. सासूबाईंनी या वेळी स्वतःच्या माहेरचं गाव आणि आडनाव चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. त्यांचे वडील एकदा तिकडे गेले होते असं त्यांना पुसट आठवतं, आणि त्यांची सही असलीच तर तिचा फोटो मोठा करून आणायला सांगितलं आहे.