जिन्याच्या भिंतीचा वॉलपेपर: आठ महिन्यांनंतर

जिन्याच्या भिंतीला वॉलपेपर लावून आठ महिने झाले. कागद उत्तम निघाला. नॉन-वोव्हन (न विणलेल्या तंतूंचा, ओला झाला तरी न फुगणारा) असल्याने गोंद थेट भिंतीलाच लावला, आणि अजून एकही सांधा उघडलेला नाही. हात लागून मळलेली जागा ओल्या फडक्याने स्वच्छ होते. चुकला तो रोलचा हिशोब, आणि तोच सविस्तर सांगतो.

भिंत ३.६० मीटर रुंद. वरच्या टोकाला उंची २.४० मीटर, खालच्या टोकाला ४.८५. दुकानात क्षेत्रफळ काढून दिलं: भिंत साधारण १३ चौरस मीटर, ५३ सेंटीमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब रोल म्हणजे ५.३ चौरस मीटर, तेव्हा तीन रोल पुरून उरतील. मलाही पटलं. सहा पट्टे लागले आणि सातव्याला कागद उरला नाही.

भिंत तिरकी असली तरी कागद ओळंब्यातच उतरतो. माझ्या जिन्याच्या उतारावर एका पट्ट्याच्या डाव्या-उजव्या कडेत ३६ सेंटीमीटरचा फरक पडत होता. पट्टा लांब कडेच्या मापाने कापायचा, खालचा त्रिकोण फुकट जातो. वर-खाली छाटायला १० सेंटीमीटर वेगळे. शिवाय नक्षी दर ६४ सेंटीमीटरला पुन्हा येते. छताजवळ प्रत्येक पट्ट्यावर तेच फूल त्याच जागी हवं, म्हणून ३.९४ मीटरच्या पट्ट्यासाठी रोलमधून नक्षीची सात पूर्ण आवर्तनं, म्हणजे ४.४८ मीटर जातात. एका रोलमध्ये अशी १५ पूर्ण आवर्तनं बसतात. माझ्या सात पट्ट्यांना ८, ८, ७, ७, ६, ६ आणि ५ लागत होती. आठ-सात, आठ-सात, सहा-सहा अशा जोड्या लावल्या की तीन रोल संपतात आणि पाचाचा पट्टा बाहेर राहतो. कागदावर पट्टे आखून पाहिले असते तर दहा मिनिटांत कळलं असतं की चार रोल हवेत. अर्धं आवर्तन सरकवून जुळणारी नक्षी असेल तर हिशोब आणखी काळजीने करा.

चौथा रोल नंतर आणला. डिझाइन तेच, बॅच नंबर (एकाच वेळी छापलेल्या रोलना मिळणारा क्रमांक) वेगळा. सर्वांत आखूड, वरचा पट्टा त्यातून लावला. दिवसा नजरेत येत नाही. संध्याकाळी भिंतीवरचा दिवा लागला की खालून चढताना तो सांधा स्पष्ट दिसतो. एका बाजूचा क्रीम रंग किंचित पिवळसर आहे. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ते सहज टळलं असतं. रोल घेताना प्रत्येक लेबलवरचा बॅच नंबर स्वतः वाचून जुळवा, आणि हिशोबापेक्षा एक रोल जास्त घ्या.

गेल्या महिन्यात कपाट वर नेताना मधल्या पट्ट्यावर वीतभर ओरखडा गेला. तिसऱ्या रोलचा सव्वादोन मीटरचा तुकडा जपून ठेवला होता, त्यातलं नक्षीचं एक पान कापून, जुळवून चिकटवलं. आता जवळून पाहिलं तरच समजतं. चौथ्या रोलचा सात मीटर कागद मात्र तसाच पडून आहे, त्या एका पट्ट्याशिवाय तो कुठेच चालत नाही.